पाहिलेला चेहरा आणि ओळखीचा चेहरा

चेहरे ओळखण्यासाठी माणसाच्या मेंदूत वेगळी जागा आहे, ही गोष्ट गेल्या पंचवीस-तीस वर्षांत प्रयोगशाळेतून बाहेर पडून सर्वसाधारण वाचकापर्यंत पोचली. तिच्या मागोमाग एक निष्कर्षही पोचला. ज्या कामासाठी निसर्गाने मेंदूत खास सोय केली आहे, त्या कामात माणूस सहसा चुकणार नाही. म्हणून घटना डोळ्यांनी पाहिलेल्या साक्षीदाराने बोट दाखवून ‘हाच तो’ म्हटले की शंकेला जागा उरत नाही. ‘एकदा पाहिलेला चेहरा मी विसरत नाही’ असे सांगणाऱ्या माणसाला आता विज्ञानाचा आधार मिळाल्यासारखे वाटते. यातले पहिले विधान खरे आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, आणि ही चूक केवळ विद्वानांच्या वादापुरती नाही. तिच्यामुळे निरपराध माणूस तुरुंगात जाऊ शकतो आणि खरा गुन्हेगार मोकळा फिरू शकतो. म्हणून तिचा प्रतिवाद सविस्तर करायला हवा.

आधी जे खरे आहे ते पूर्णपणे मान्य करू. जर्मन वैद्य योआखिम बोडामर याने १९४७ मध्ये डोक्याला जखम झालेल्या सैनिकांच्या हकिगती प्रसिद्ध केल्या. त्यांना डोळे, नाक, तोंड स्पष्ट दिसत होते, पण समोरचा माणूस कोण हे चेहऱ्यावरून कळत नव्हते; आवाज ऐकला किंवा अंगावरचे कपडे पाहिले की कळत होते. याच्या उलट रुग्णही पुढे सापडला. टोरांटोच्या मॉस्कोविच आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ज्याचा अभ्यास मांडला, त्या माणसाला अपघातानंतर साध्या वस्तू ओळखता येत नव्हत्या, वाचनही अवघड झाले होते, पण चेहरे तो पूर्वीसारखेच ओळखत होता. एक शक्ती जाऊन दुसरी राहते आणि दुसरी जाऊन पहिली राहते, तेव्हा दोन्हींची व्यवस्था वेगळी आहे असे मानावे लागते. माकडांच्या मेंदूत चेहऱ्यांना प्रतिसाद देणाऱ्या मज्जापेशींची नोंद चार्ल्स ग्रॉसने १९७२ मध्येच केली होती. १९९७ मध्ये नॅन्सी कॅनविशर आणि तिच्या सहकाऱ्यांनी एफएमआरआय यंत्राने माणसाच्या मेंदूच्या तळाशी, मुख्यतः उजव्या बाजूच्या फ्युसिफॉर्म वळीवर, चेहरे पाहताना इतर वस्तूंपेक्षा कितीतरी जास्त सक्रिय होणारा भाग दाखवला. डोरिस त्साओ, विन्रिख फ्रायवाल्ड आणि मार्गारेट लिव्हिंगस्टन यांनी २००६ मध्ये माकडांच्या मेंदूतल्या अशाच एका पट्ट्यात विद्युताग्रे घातली, तेव्हा तिथल्या जवळजवळ सर्वच पेशी, सुमारे ९७ टक्के, चेहऱ्यांसाठी काम करताना आढळल्या. हा भाग जन्मजात ठरलेला की सरावाने घडलेला, यावर अजून वाद आहे. लिव्हिंगस्टनच्याच प्रयोगशाळेने २०१७ मध्ये दाखवले की ज्या माकडांच्या पिल्लांना जन्मापासून एकही चेहरा पाहू दिला नाही, त्यांच्या मेंदूत हे पट्टे तयारच झाले नाहीत. पण या वादाचा निकाल काहीही लागला तरी वाढलेल्या मेंदूत चेहऱ्यांसाठी खास व्यवस्था असते, हे आता नाकारता येत नाही.

प्रश्न असा आहे की ही व्यवस्था नेमके काय करते. इथेच लोकप्रिय निष्कर्षाचा पाय घसरतो. २०१० मध्ये फ्रायवाल्ड आणि त्साओ यांनी दाखवले की या पट्ट्यांची एक उतरंड आहे. मागच्या पट्ट्यातल्या पेशींना समोरून पाहिलेला चेहरा आणि बाजूने पाहिलेला चेहरा वेगवेगळे वाटतात. पुढे सरकत गेल्यावर शेवटच्या पट्ट्यात एकाच माणसाचा चेहरा कोणत्याही बाजूने पाहिला तरी पेशींचा प्रतिसाद बराचसा सारखा राहतो. म्हणजे दिसण्यातून माणूस वेगळा काढण्याचे काम तिथे होते. हे वाचून कोणालाही वाटेल की ओळख इथे पूर्ण झाली. पण २०१७ मध्ये ल चँग आणि त्साओ यांनी याच पट्ट्यांतल्या २०५ पेशींची भाषा उलगडली आणि चित्र बदलले. कोणतीही पेशी ‘हा अमुक माणूस’ असे सांगत नव्हती. प्रत्येक पेशी चेहऱ्याच्या एखाद्या गुणाचे माप घेत होती: जबड्याचा आकार, डोळ्यांमधले अंतर, त्वचेची छटा आणि अशा अनेक गोष्टींचे मिश्रण. या मापांवरून संशोधकांना माकडाने पाहिलेला चेहरा संगणकावर पुन्हा उभा करता आला, आणि तो मूळ चेहऱ्याशी थक्क करणारे साम्य दाखवत होता. आधी पाहिलेला आणि कधीही न पाहिलेला, दोन्ही चेहऱ्यांची मापे या पेशी सारख्याच तत्परतेने घेत होत्या. तेव्हा ज्या भागाला आपण ओळखीचे घर समजतो, तो मुळात वर्णन करणारा भाग आहे. वर्णन अचूक असते, पण वर्णन म्हणजे ओळख नव्हे.

ओळख कुठे घडते याचा धागा २०२१ मध्ये हाती लागला. सोफिया लांडी, फ्रायवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांच्या टेम्पोरल खंडाच्या अगदी टोकाला एक लहानसा भाग तपासला. तिथल्या पेशी ज्या माकडांचा प्रत्यक्ष सहवास लाभला होता त्यांच्या चेहऱ्यांना अनोळखी चेहऱ्यांच्या सुमारे तिप्पट प्रतिसाद देत होत्या. माझ्या मते या अभ्यासातली सगळ्यात बोलकी गोष्ट पुढेच आहे: पडद्यावर अनेकदा दाखवलेले पण प्रत्यक्षात कधी न भेटलेले चेहरे त्या पेशींच्या लेखी अनोळखीच राहिले. डोळ्यांपुढून चेहरा कितीही वेळा गेला तरी त्याने परिचय होत नाही, असे या पेशी सांगतात. साक्षीदाराने आरोपीला मिनिटभर पाहिले की अर्धा मिनिट, यावर आपल्याकडे उलटतपासणीत तास न्‌ तास खर्च होतात. मेंदूच्या दृष्टीने त्याहून मोठा प्रश्न आहे, तो आधीपासून ओळखीचा होता की नव्हता.

हे माणसांच्या बाबतीत किती टोकाला जाते हे रॉब जेन्किन्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एका साध्या प्रयोगातून दाखवले. त्यांनी नेदरलँड्समधल्या दोन प्रसिद्ध स्त्रियांची प्रत्येकी वीस, अशी चाळीस छायाचित्रे घेतली आणि ब्रिटनमधल्या लोकांपुढे पत्त्यांसारखी ठेवली. एका व्यक्तीचे फोटो एका ढिगात घाला, एवढेच काम. किती व्यक्ती आहेत हे सांगितले नव्हते, वेळेचे बंधन नव्हते, काहीही लक्षात ठेवायचे नव्हते. कोणी तीन ढीग केले, कोणी सोळा. मध्यावरचा आकडा साडेसात. अचूक दोन ढीग एकानेही केले नाहीत. तेच फोटो डच लोकांना दिले तेव्हा त्या स्त्रियांना ओळखणाऱ्या जवळजवळ सगळ्यांनी विनासायास दोन ढीग केले. दोन्ही गटांना फ्युसिफॉर्म वळी होती आणि ती शाबूत होती. फरक फक्त परिचयाचा. प्रकाश बदलला, कॅमेरा बदलला, केस बदलले, चेहऱ्यावरचा भाव बदलला की अनोळखी माणसाचा चेहरा आपल्यासाठी दुसऱ्याच कोणाचा होतो. हे सामान्य लोकांचेच आहे असे म्हणायलाही वाव नाही. डेव्हिड व्हाइट आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पारपत्र अधिकाऱ्यांची परीक्षा घेतली. समोर माणूस उभा, हातात फोटो, आणि दोन्ही एकच आहेत का ते सांगायचे. दुसऱ्याच माणसाचा फोटो असताना त्यांनी १४ टक्के वेळा तो खरा मानला. नोकरीची वर्षे आणि अचूकता यांचा काही संबंध आढळला नाही. रोज शेकडो चेहरे पाहणाऱ्याची नजर अनुभवाने आपोआप तयार होते, हा समज तिथे टिकला नाही.

यावर पहिला आक्षेप रोजच्या जगण्यातून येतो आणि तो वजनदार आहे. रायपूरचा ब्राह्मणपारा घ्या. कंकाली तलावाच्या परिसरातली ही जुनी वस्ती, जवळच तात्यापारा आणि बुढापारा. भोसल्यांच्या अमलापासून या शहरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. अशा पाऱ्यात परगावी शिकायला गेलेला मुलगा सहा वर्षांनी दाढी वाढवून गल्लीत शिरला तरी ओट्यावर बसलेल्या आजी त्याला लांबूनच नावाने हाक मारतात. कधी न पाहिलेल्या पोराच्या नाकावरून तो कोणाचा नातू हे सांगतात. मग माणसाची ओळख कच्ची आहे असे कसे म्हणायचे? उत्तर असे की ती कच्ची आहे असे मी म्हणतच नाही. पाऱ्यातल्या ओळखीइतकी पक्की गोष्ट मेंदू क्वचितच करतो. पण ती घडते कशी ते पाहा. त्या मुलाचा चेहरा आजींनी सकाळच्या उन्हात, विजेच्या पिवळ्या दिव्यात, तापात, लग्नाच्या पोशाखात, रडताना, भांडताना, वर्षानुवर्षे पाहिलेला असतो. चेहऱ्यात काय काय बदलू शकते आणि काय बदलत नाही हे त्यांच्या मेंदूने त्या एका माणसापुरते शिकून ठेवलेले असते. माईक बर्टन आणि इतर संशोधकांचा यावर मुख्य भर आहे: एका ओळखीच्या चेहऱ्यावरून शिकलेले दुसऱ्या चेहऱ्याला फारसे उपयोगी पडत नाही, प्रत्येक माणूस स्वतंत्रपणे शिकावा लागतो. त्याच आजींना रायपूर स्टेशनच्या फलाटावर एका परक्या माणसाचा चेहरा संध्याकाळच्या अर्धवट उजेडात दाखवा आणि महिनाभराने दहा जणांतून तो निवडायला सांगा. तिथे त्यांची पाऱ्यातली कीर्ती कामाला येणार नाही.

शिवाय पाऱ्यातली ओळख एकट्या चेहऱ्यावर उभी नसते. कोणत्या गल्लीत, कोणत्या दारासमोर, किती वाजता, कोणाबरोबर, कशा चालीने, या सगळ्यामुळे समोरची व्यक्ती कोण असू शकते याची यादी आधीच दहा-पंधरा नावांवर आलेली असते. हा आधार काढून घेतला की ओळखीचे चेहरेसुद्धा दगा देतात. अँड्र्यू यंग, डेनिस हे आणि हेडन एलिस यांनी १९८५ मध्ये बावीस जणांना काही आठवडे आपल्या रोजच्या चुका वहीत टिपायला लावल्या. चेहरा ओळखीचा वाटतो पण माणूस कोण ते आठवत नाही, ही तक्रार त्यांत पुन्हा पुन्हा आली, आणि ती मुख्यतः नेहमीच्या जागेबाहेर भेटलेल्या माणसांबाबत. साक्षीदाराच्या बाबतीत ही गोष्ट फार धोक्याची ठरते. ओळख परेडमध्ये एखादा चेहरा ‘कुठेतरी पाहिल्यासारखा’ वाटला, तर तो घटनास्थळी पाहिला, पोलीस ठाण्याच्या व्हरांड्यात पाहिला, की वर्तमानपत्रातल्या फोटोत पाहिला, हे त्या वाटण्यातून कळत नाही.

याच आक्षेपाची एक शाखा अशी की पूर्वीची माणसे चेहरे पक्के लक्षात ठेवत, पुढे शिक्षणाने आणि पुस्तकाने ती शक्ती गेली. याला एके काळी थोडा वैज्ञानिक आधारही वाटत होता. स्तानिस्लास दहेन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मांडले होते की वाचन शिकल्यावर डाव्या फ्युसिफॉर्म भागात अक्षरे जागा घेतात आणि तिथला चेहऱ्यांचा प्रतिसाद थोडा घटतो. या प्रश्नाची कसोटी आपल्याच लिपीवर लागली, हे मराठी वाचकाला मुद्दाम सांगावेसे वाटते. लखनौजवळच्या खेड्यांत निरक्षर, नवसाक्षर आणि साक्षर अशा नव्वदहून अधिक प्रौढांचा देवनागरीच्या संदर्भात अभ्यास झाला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. वाचनाने चेहऱ्यांच्या प्रतिसादाचे नुकसान झाल्याचे त्यात आढळले नाही. पुढे २०२१ मध्ये तमिळ भाषकांवरच्या अभ्यासात तर साक्षरतेबरोबर चेहरे लक्षात ठेवण्याची क्षमता किंचित वाढलेलीच दिसली. तेव्हा जुन्या पिढीची नजर तेज आणि नव्या पिढीची मंद, असे काही नाही. जुन्या पिढीचे जग लहान होते आणि त्यातले बहुतेक चेहरे परिचयाचे होते, इतकेच. शहर वाढले, परके चेहरे वाढले, आणि आपली मर्यादा उघडी पडली.

मराठी इतिहासात या मर्यादेचा एक मोठा पुरावा आहे, आणि तो या चर्चेत कधी आणला जात नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण त्यांच्या मृत्यूबद्दल शंका राहिली. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई १७८३ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरीपर्यंत, सौभाग्यवती म्हणूनच राहिल्या. या शंकेतून तोतया उभा राहिला. तो बुंदेलखंडाकडचा एक कनोजी ब्राह्मण, सुखनिधान. थोरल्या माधवरावांच्या काळात त्याला पकडून चौकशी झाली आणि अखेर रत्नागिरीच्या किल्ल्यात कैदेत ठेवले गेले. पुढे माधवराव गेले, नारायणरावांचा खून झाला, राघोबादादा आणि बारभाई यांच्या झगड्यात राज्य विस्कटले. १७७६ मध्ये रत्नागिरीच्या रामचंद्र नाईक परांजपे यांनी या कैद्याला बाहेर काढून भाऊसाहेब म्हणून पुढे केले. हजारो माणसे त्याच्या झेंड्याखाली गोळा झाली, कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले, तो घाट चढून वर आला. महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी त्याचा पाडाव केला, रघोजी आंग्र्यांकडून तो पुण्याच्या स्वाधीन झाला, आणि त्या वर्षाअखेरीस त्याला देहदंड झाला.

यावर इतिहासाचा अभ्यासक म्हणेल, हे बंड राजकारणाचे होते, नजरेच्या चुकीचे नव्हे. लोकांना बारभाईंविरुद्ध एक नाव हवे होते. मला हे अर्धेच पटते. राजकारणाला तोतया हवा होता हे खरे, पण तो का चालला? कारण त्याला अडवू शकणारा पुरावा, म्हणजे चेहरा, बहुसंख्य लोकांपाशी नव्हताच. भाऊसाहेबांना जवळून पाहिलेली माणसे मूठभर. त्यातली कितीतरी पानिपतावरच गेली. बाकीच्यांनी त्यांना पाहिले असलेच तर मिरवणुकीत, लष्कराच्या गर्दीत, घोड्यावर, पंधरा वर्षांपूर्वी. छत्तीसगडात तेव्हा बिंबाजी भोसले रतनपुराहून कारभार करत होते. पुण्याच्या भाऊसाहेबांचा चेहरा इकडे किती जणांनी पाहिला असेल? शरीराचा बांधा, वय, बोलण्याचा ढंग साधारण जुळला की एकदा पाहिलेल्या चेहऱ्याने त्या साम्याला विरोध केला नाही. त्याने ‘नाही’ म्हणण्याइतका परिचयच नव्हता. तोतयाचे खोटेपण उघडे पडण्याची आशा होती ती भाऊसाहेबांच्या सहवासात वावरलेल्या थोड्या माणसांकडूनच. जेन्किन्सच्या प्रयोगातले ब्रिटिश आणि डच लोक ज्या रेषेवर वेगळे झाले, तीच ही रेषा आहे.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. साक्षीदाराला स्वतःलाच खात्री असेल तर ती खात्री हा पुरावा नाही का? मेंदूविज्ञान याचे उत्तर देते ते असे की खात्री वाटणे आणि चेहरा ओळखणे ही एकाच जागी घडणारी एकच क्रिया नाही. फ्रेंच वैद्य जोसेफ काप्ग्रा याने १९२३ मध्ये एका स्त्रीची हकिगत मांडली. आपल्या नवऱ्याच्या जागी हुबेहूब त्याच्यासारखे दिसणारे दुसरेच माणूस आणून ठेवले आहे, अशी तिची ठाम समजूत होती. एलिस आणि यंग यांनी १९९० मध्ये अशा समजुतीची फोड केली आणि पुढे १९९७ मध्ये चाचण्यांनी त्या फोडीला आधार मिळाला: अशा रुग्णांना चेहरा बरोबर दिसतो, पण ओळखीचा माणूस पाहिल्यावर त्वचेतून मोजता येणारी जी भावनिक हालचाल होते ती होत नाही. चेहरा आपल्या माणसाचा, पण आपलेपणा जागा होत नाही, म्हणून मेंदू म्हणतो की हा तोतयाच. याच्या उलट, चेहरे ओळखू न शकणाऱ्या एका रुग्णात रसेल बाउअरला १९८४ मध्ये ती हालचाल सापडली. तोंडाने तो सांगू शकत नव्हता, त्याची त्वचा मात्र ओळख देत होती. दिसणे एका वाटेने जाते आणि खात्री दुसऱ्या वाटेने. आजारात ती पूर्ण तुटतात. निरोगी माणसात ती तुटत नाहीत, पण एकमेकांपासून सरकू मात्र शकतात, आणि त्याला बाहेरचा एक शब्दही पुरतो. गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफिल्ड यांनी १९९८ मध्ये लोकांना एका गुन्ह्याची चित्रफीत दाखवली आणि मग खरा गुन्हेगार ज्यात नाहीच अशा फोटोंतून तो निवडायला सांगितला. सगळ्यांची निवड अर्थातच चुकीची होती. ज्यांना निवडीनंतर ‘छान, तुम्ही संशयितच ओळखला’ असे सांगितले, त्यांनी नंतर ठामपणे सांगितले की आपल्याला पहिल्यापासून खात्री होती, आपण चेहरा नीट पाहिला होता, लक्ष देऊन पाहिला होता. ते खोटे बोलत नव्हते. त्यांची आठवण त्या एका वाक्याने बदलली होती. कोर्टात वर्षा-दोन वर्षांनी शपथेवर दिसणारी खात्री यापेक्षा वेगळी आहे, हे आपण कशाच्या बळावर मानायचे?

आता आपल्या कायद्याकडे पाहू, कारण सगळ्या वादाचे मोल तिथे ठरते. तपासातली ओळख परेड हा आपल्याकडे मूळ पुरावा नाही. ती फक्त पुष्टी देणारी. मूळ पुरावा म्हणजे साक्षीदाराने कोर्टात, पिंजऱ्यात उभ्या असलेल्या आरोपीकडे दाखवलेले बोट. मध्य प्रदेशातून आलेल्या मलखानसिंग प्रकरणात २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केले आणि योग्य प्रकरणात परेड न घेताही कोर्टातली ओळख ग्राह्य धरता येते असे सांगितले. जुन्या पुरावा कायद्याचे कलम ९ आणि आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ७ या दोन्हींच्या चौकटीत हेच चालत आले. न्यायालयांचा सावधपणा मी नाकारत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेत परेडसाठी एका आरोपीमागे किमान सहा माणसे उभी करावीत, एका परेडमध्ये दोनपेक्षा जास्त आरोपी नकोत, पोलिसांनी ती घेऊ नये, अशा चांगल्या सूचना आहेत. टाडा कायद्याच्या कलम २२ ने फरारी आरोपीच्या फोटोवरून केलेल्या ओळखीला परेडइतकेच मोल दिले होते, ते सर्वोच्च न्यायालयाने करतारसिंग प्रकरणात १९९४ मध्ये रद्दबातल ठरवले. पण मूळ क्रम उलटाच राहिला आहे. परक्या चेहऱ्याची आठवण सर्वांत ताजी आणि सूचनेपासून सर्वांत दूर असते ती पहिल्या परेडच्या वेळी. कोर्टात पिंजऱ्यात एकच माणूस उभा असतो आणि सगळ्यांना ठाऊक असते की तो कोण. जिथे चूक सर्वांत सोपी, त्या ओळखीला मूळ पुराव्याचा मान, आणि जिथे काही शिकता येईल, ती दुय्यम. अमेरिकेत डीएनए तपासणीने निर्दोष ठरलेल्या पहिल्या पावणेचारशे लोकांपैकी सुमारे ७० टक्क्यांच्या खटल्यांत साक्षीदाराची चुकीची ओळख हे एक कारण होते, हे इथे आठवायला हवे. आपल्याकडे जुन्या खटल्यांची अशी फेरतपासणी झालेली नाही, याचा अर्थ आपल्याकडे अशा चुका होत नाहीत असा होत नाही.

तिसरा आक्षेप पीडितांच्या बाजूने येतो आणि त्याचा आदर केला पाहिजे. रात्रीच्या अंधारात ज्या स्त्रीवर हल्ला झाला, तिच्यापाशी चेहऱ्याच्या आठवणीशिवाय काहीच नसते. ती आठवण नाकारली तर गुन्हेगार सुटेल. पण नाकारा असे कोण म्हणते? जॉन विक्स्टेड आणि गॅरी वेल्स यांनी २०१७ मध्ये दाखवले की पहिली परेड नीट घेतली आणि त्याच क्षणी साक्षीदाराची खात्री नोंदवली, तर ती खात्री खरोखर बरेच काही सांगते; उच्च खात्रीची पहिली ओळख बहुधा बरोबर निघते. म्हणजे ती आठवण मौल्यवान आहे. ती फार लवकर बिघडते आणि आपण ती बिघडू देतो, हीच माझी तक्रार आहे. चुकीच्या माणसाला शिक्षा झाली तर त्या स्त्रीला न्याय मिळालेला नसतो, हेही विसरून चालणार नाही.

कोणी म्हणेल, काही माणसे अपवादात्मक असतात. असतात, आणि २००९ मध्ये रसेल, डशेन आणि नाकायामा यांनी अशा चौघांची नोंद केली. पण अशी शक्ती प्रमाणित चाचणीने ठरते, साक्षीदाराच्या स्वतःबद्दलच्या मताने नाही. कोणी म्हणेल, मग हे काम यंत्राला द्या. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेने २०१९ मध्ये बहुसंख्य उपलब्ध प्रणाली तपासल्या, तेव्हा अनेक प्रणालींत चुकीच्या जुळणीचे प्रमाण एका समाजगटापेक्षा दुसऱ्यात १० ते १०० पट आढळले. माणसाच्या नजरेतही हा दोष आहेच. ज्या चेहऱ्यांत आपण वाढतो तेच आपल्याला नीट वेगळे करता येतात. सांग्रिगोली आणि सहकाऱ्यांच्या २००५ मधल्या अभ्यासात, लहानपणी फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्या कोरियन लोकांना कोरियन चेहऱ्यांपेक्षा युरोपीय चेहरेच चांगले ओळखता येत होते. आणि यंत्राने संभाव्य चेहऱ्यांची यादी दिली तरी शेवटी एक पोलीस अधिकारी दोन परक्या फोटोंकडे पाहून होय किंवा नाही म्हणतो. १४ टक्क्यांची चूक तिथे पुन्हा दारात उभी असते, या वेळी यंत्राने आधीच एक नाव सुचवलेले असते.

करायचे काय, ते फार अवघड नाही. साक्षीदाराला पहिला प्रश्न विचारावा, आरोपीला तुम्ही आधीपासून ओळखत होतात का, किती दिवसांपासून, कशामुळे. आणि परिचयाची ओळख व परक्याची ओळख यांना निकालपत्रात वेगवेगळे वजन द्यावे. इंग्लंडमध्ये १९७६ च्या डेव्हलिन समितीनंतर, त्याच वर्षीच्या टर्नबुल निकालाने न्यायाधीशांवर ज्युरीला ओळखीच्या पुराव्याबाबत सावधगिरीचा इशारा देण्याचे बंधन घातलेच आहे, आणि त्यात परिचिताच्या ओळखीतही चूक होऊ शकते हेही नमूद आहे. परेड घेणाऱ्या दंडाधिकाऱ्याला आरोपी कोण हे माहीत नसावे. गुन्हेगार रांगेत नसण्याचीही शक्यता आहे, असे साक्षीदाराला आधी सांगावे. त्याने बोट दाखवताच, कोणी काही बोलण्याआधी, त्याची खात्री त्याच्याच शब्दांत टिपून घ्यावी. आणि हे सगळे चित्रित व्हावे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५४ मध्ये ओळख पटवणारी व्यक्ती मानसिक किंवा शारीरिकदृष्ट्या दिव्यांग असेल तर परेडचे चित्रीकरण करावे अशी तरतूद आहे. परक्या चेहऱ्यापुढे उभा राहिलेला प्रत्येक साक्षीदार, नजर कितीही धडधाकट असो, याच तरतुदीच्या कक्षेत यायला हवा. त्यासाठी त्या कलमातली दिव्यांगतेची अट तेवढी काढावी लागेल.